सागरेश्वराची प्रदक्षिणा

कऱ्हाड सोडून विट्याच्या रस्त्याला लागलं, ओगलेवाडी मागे पडली आणि सुर्लीचा घाट चढून वर आलं की कृष्णाकाठचा उसाचा ओलसर वास नाकातून निघून जातो. वरचं वारं कोरडं. माती तांबूस, मुरमाड. मोठाले माळ आणि बांधाबांधाला बाभळी नि हिवर. हा कडेगावचा मुलूख. सह्याद्रीवर आपटून रिकामे झालेले ढग इथवर पोचतात ते नुसती सावली धरायला. पूर्वी हा भाग खानापूर तालुक्यात होता, आता कडेगावचा स्वतंत्र तालुका आहे. बाहेरच्या माणसाला कडेगाव ठाऊक असतं ते मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांमुळे. बांबूचे ते उंच मनोरे हिंदू-मुसलमान मिळून बांधतात, मिळून उचलतात. पण सायकलवाल्याला कडेगाव ठाऊक असावं ते दुसऱ्या एका कारणासाठी, आणि ते कारण या पठाराच्या दक्षिणेच्या कडेला आहे.

जमीन जिथे पुन्हा कृष्णेकडे उतरायला लागते, तिथे सागरेश्वरचा डोंगर आडवा पडला आहे. कडेगाव, पलूस आणि वाळवा अशा तीन तालुक्यांच्या शिवा इथे एकमेकींना भिडतात. डोंगरावर यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र 10.87 चौरस किलोमीटर, घोषणा 1985 सालची. मोठ्या अभयारण्यांच्या मानानं हे एवढंसं. पण हे जंगल मुळात नव्हतंच. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून ते उभं केलं आहे. त्याच्या भोवतीनं डोंगरी सायकलवर फेरी मारायची, सायकल घेऊन आत शिरायचं नाही, एवढं मनाशी धरून आम्ही नोव्हेंबरात निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. तो कडेगावचाच, त्यामुळे वाटा त्याच्या पायाखालच्या. नकाशा मी घेतला होता, पण फारसा उघडावा लागला नाही.

सायकलीविषयी आधी सांगतो, कारण या वाटेवर निम्मं सुख सायकलीच्या चाकात असतं. इथे पातळ टायरची रेसर सायकल आणू नये. दोन इंच किंवा त्याहून रुंद, खाचांचे टायर, पुढे शॉक-अप आणि डिस्क ब्रेक, एवढं असलं की पुरे. डांबरी रस्त्यावर टायरात हवा टणक ठेवतात तशी इथे ठेवली की मुरमावर चाक उड्या मारतं आणि हातापासून खांद्यापर्यंत सगळं हादरतं. थोडी हवा सोडावी, म्हणजे टायर खड्याला धरून चालतो. फार सोडली तर रिम दगडावर आपटून ट्यूब चिमटते, म्हणून अंगठ्यानं दाबून बेतानं. आणि काटे. या मुलखात सायकल चालवायची तर बाभळीच्या काट्याशी गाठ ठरलेलीच. ट्यूबलेस टायरात सीलंट घातलं असेल तर लहान भोकं आपोआप बुजतात. साधी ट्यूब असेल तर दोन जादा ट्यूब, पंप, पॅच आणि सोल्यूशन पाठीवरच्या पिशवीत असलंच पाहिजे, कारण काटा टोचतो तो नेमका गावांच्या मधोमध.

कडेगावातून वांगीकडे सरळ डांबरी रस्ता जातो. आम्ही तो टाळून शक्य तेवढं पाणंदीनं आणि कालव्याच्या कडेनं गेलो. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या, मधे गवताचा उंचवटा, दोन्हीकडे घाणेरी आणि निवडुंग. पश्चिमेकडचे लोक डोंगरी सायकलीसाठी लाखो रुपये खर्चून जंगलातून अशा अरुंद वाटा मुद्दाम कोरतात. आपल्याकडे त्या शेकडो वर्षांपासून गावागणिक आहेत. पावसाळा उलटून महिना-दीड महिना झाला होता, त्यामुळे चाकोरीतला चिखल वाळून घट्ट झाला होता. एका चाकोरीत चाक घालायचं आणि नजर पाचेक हात पुढे ठेवायची. चाकाकडे बघत राहिलं की सायकल हमखास चाकोरीच्या भिंतीला घासते.

कालव्याची वाट मात्र वेगळीच. ताकारी आणि टेंभू या दोन्ही उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून या कोरड्या अंगाला आणलं आहे. टेंभूचं पाणी कऱ्हाडजवळ टेंभूला अडवतात आणि तिथून टप्प्याटप्प्यानं उचलत कडेगाव, खानापूर, आटपाडी असं पुढे माणदेशाकडे नेतात. ताकारीचं पाणी कृष्णाकाठी उचलून सागरेश्वरच्या डोंगराअलीकडून पलीकडे आणलं आहे. पाणी पंपानं एकदा वर चढलं की पुढे ते आपल्या आपण वाहत जातं. म्हणून कालवा नेहमी डोंगराच्या अंगानं, जवळजवळ एकाच उंचीवर, वळसे घेत जातो. त्याच्या काठाचा देखभालीचा रस्ताही तसाच. चढ नाही, उतार नाही, गाड्या नाहीत. एका हाताला हिरवट पाणी, दुसऱ्या हाताला खाली पसरलेलं शिवार. नवख्या सायकलवाल्यानं डोंगरी सायकलीचा पहिला धडा गिरवायचा तर या काठासारखी जागा नाही. फक्त कालव्याचं अस्तर गुळगुळीत आणि तिरपं असतं. पाण्यात पडलेल्याला तिथून वर येता येत नाही. पोहता येणारी माणसंही त्यात गेली आहेत. म्हणून चाक पाण्याच्या बाजूनं कधीच चालवू नये, शिवाराच्या बाजूनं चालवावं.

अशाच काठावर पुढचं चाक बसलं. उलटी करून ठेवलेली सायकल, सुटं चाक आणि आम्ही दोघं बघून शेरडं राखणारा एक म्हातारा काठी टेकत आला. डोक्याला गुलाबी पटका, पायात टायरच्या चपला.

“कुठनं आलासा पाव्हणं?”

“कऱ्हाडनं, आबा.”

“आन् ह्यो?”

“मी कडेगावचा, आबा. सागरेश्वरला वळसा घालून यायचंय.”

त्यानं टायर हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि आम्हाला न दिसलेलं काट्याचं टोक नखानं उपसून काढलं. “ट्यूब बदलशीला आन् काटा आत तसाच ऱ्हाईल. मग पुन्यांदा बसल,” म्हणाला. टायरच्या आतून बोट फिरवल्याशिवाय ट्यूब घालायची नाही हे सायकलीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण त्याचं बोट आमच्यापेक्षा तयार होतं. त्यानं उमेदीत सायकलवरून दुधाचे कॅन वाहिले होते, याच पाणंदींनी, बिनगिअरच्या काळ्या सायकलवर. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन, आणि पायात अशाच चपला. मग कालव्याकडे बघत म्हणाला, “हितं आमच्या वक्ताला जनावरास्नी पाजाया पाणी न्हवतं. आता ऊस हाय बगा.” पाणी चढत गेलं त्याच्या मागोमाग ऊसही या बाजूला चढला आहे. आणि ज्याच्या रानापर्यंत कालवा पोचलेला नाही, त्याचा माळ अजून ज्वारी नि बाजरीवरच आहे. सायकलवरून जाताना ही रेघ अगदी स्वच्छ दिसते. कालव्याच्या वरच्या अंगाला पिवळं, खालच्या अंगाला हिरवं.

वांगीला सोनहिरा साखर कारखाना आहे. गळीत हंगाम नुकता सुरू झालेला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या. मागची ट्रॉली वळणावर आपल्या अंगावर येते, म्हणून ट्रॅक्टर पुढे गेला असं समजून लगेच रस्त्यात येऊ नये. या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च सायकल चालवणाऱ्यानं हे मनावर कोरून ठेवावं. सोनहिरा हे नाव कारखान्यानं ओढ्याकडून घेतलं आहे. हा ओढा याच खोऱ्यातून येरळेकडे जातो आणि येरळा पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे सागरेश्वरच्या दोन्ही उतारांवरचं पाणी शेवटी एकाच नदीत जातं. दक्षिणेचं लगोलग, उत्तरेचं लांबचा फेरा घेऊन.

देवराष्ट्र्याला पोचलो तेव्हा ऊन बऱ्यापैकी वर आलं होतं. गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथला, 12 मार्च 1913 चा, आजोळच्या घरी. ते घर जपून ठेवलं आहे. साधं, बैठं घर आहे. संयुक्त महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री, पुढे देशाचा संरक्षणमंत्री झालेला माणूस इथे जन्माला आला, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त जाणवतं. त्यांनी ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात आपल्या घडणीचा काळ सांगितला आहे. ते पुस्तक ज्यानं वाचलं आहे त्यानं एकदा देवराष्ट्र्याला यावं आणि मग खिंडीतून कृष्णेकडे उतरावं. पुस्तकाचा भूगोल पायाखाली येतो.

गावाजवळच सागरेश्वराची देवळं आहेत. एक मोठं देऊळ आणि भोवती लहान-लहान देवळांची दाटी. काही तर माणसानं वाकून आत जावं एवढीच. काळ्या दगडाचे खांब, कोनाडे, उंबऱ्याशी झिजून गुळगुळीत झालेली पायरी. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा एक बाई परात घेऊन तांदूळ निवडत ओट्यावर बसली होती. मावसभावानं पिंडीवर पाणी घातलं. मी सायकली सांभाळत बाहेर थांबलो आणि मग आमची पाळी बदलली. देवळांना प्रदक्षिणा घालून झाली, तेव्हा तो म्हणाला, “दादा, आता मोठी प्रदक्षिणा.”

जंगलाची गोष्ट इथेच सांगायला हवी. हा डोंगर एके काळी पार उघडा होता. जळणासाठी तोड, चराई, वणवे, आणि मुळातच कमी पाऊस. मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते यांनी सत्तरच्या दशकात या डोंगराचा ध्यास घेतला. त्यांनी लोकांना सोबत घेतलं, वनखात्याला मागे लागून कामाला लावलं, झाडं लावली आणि राखली. झाडं लावणं हा त्यातला सोपा भाग. राखणं अवघड, कारण ज्यांची शेरडं त्या डोंगरावर चरत होती ती माणसं आपल्याच गावची, आपल्याच भावकीची असतात. तुमच्या शेरडांना आता इथे बंदी, हे त्यांना तोंडावर सांगायचं आणि तरी त्यांना आपल्या बाजूला ठेवायचं, हे काम सरकारी फतव्यानं होत नाही. लोक त्यांना वृक्षमित्र म्हणत आले आहेत. हरणं, सांबरं, चितळं इथे बाहेरून आणून सोडली. त्यांची पैदास झाली. माणसाच्या हातांनी घडवलेलं अभयारण्य म्हणून सागरेश्वरचं नाव महाराष्ट्रात घेतलं जातं, आणि ते रास्त आहे.

आत आम्ही तिकीट काढून पायी गेलो, सायकली फाटकाशी ठेवून. झाडी फार उंच नाही. खैर, कडुनिंब, बाभूळ, सीताफळ अशी कोरड्या डोंगराला मानवणारी झाडं. बारमाही झरा नसल्यानं उन्हाळ्यात जनावरांसाठी पाणवठ्यांत पाणी भरावं लागतं. वर कड्यापर्यंत चढलं की एकदम समोर कृष्णेचं खोरं उघडतं. नदीचं वळण, दोन्ही काठांना उसाचे हिरवे तुकडे, आणि त्यांच्या पलीकडे धूसर होत गेलेले डोंगर. मागे वळलं की कडेगावचा पिवळा माळ. एका जागी उभं राहून दोन्ही मुलूख बघता येतात. खाली झाडीत एक सांबर उभं होतं. आमची चाहूल लागल्यावर कान पुढे करून क्षणभर बघितलं, पाय आपटला आणि उतारावरून निघून गेलं.

तिथे उभं असतानाच माझं मत पक्कं झालं. अलीकडे सायकलवाल्या मंडळींत बोलणं असतं की सागरेश्वरच्या आत डोंगरी सायकलींसाठी वाट आखावी, पर्यटन वाढेल. मला ते साफ अमान्य आहे. अकरा चौरस किलोमीटरचीही जागा नाही ही. त्यात कुंपणाच्या आत कोंडलेली जनावरं. सायकलीला आवाज नसतो आणि वेग असतो. पायी येणाऱ्या माणसाची चाहूल सांबराला लांबून लागते. उतारावरून येणारी सायकल एकदम अंगावर येते. बिथरलेलं जनावर कुंपणाकडे धावतं. ज्या खेळाची ही सायकल, त्याच्या जन्मगावीही हा प्रश्न आलाच होता. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीत, गॅरी फिशर, जो ब्रीझ यांच्यासारखी पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन माउंट टमालपायसच्या आसपासचे डोंगर उतरू लागली. 1976 पासून तिथे ‘रिपॅक’ नावाची शर्यत होई. उतार एवढा की मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब पुन्हा ग्रीसनं भरावा लागायचा, म्हणून ते नाव. तिथून निघालेला खेळ 1996 ला अटलांटाच्या ऑलिम्पिकपर्यंत गेला. पण त्याच टमालपायसवरच्या अनेक अरुंद पायवाटा पुढे सायकलींना बंद केल्या गेल्या, पायी जाणाऱ्यांसाठी आणि डोंगराची धूप होऊ नये म्हणून. खेळ मोठा झाला तरी डोंगराचं ऐकावं लागलं. सागरेश्वरला तर हा डोंगरच माणसांनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला आहे. त्याच्या भोवतीनं सायकल चालवायला पाणंदी आहेत, कालवे आहेत, खिंड आहे, नदीकाठ आहे. आत कशाला जायचं?

देवराष्ट्र्याहून ताकारीकडे जाणारा रस्ता सागरेश्वरच्या खिंडीतून उतरतो. चढ फार नाही, खिंडीपाशी पोचेपर्यंत धाप लागते एवढाच. उतार मात्र देखणा. एका बाजूला डोंगराची कातळभिंत, दुसऱ्या बाजूला झाडी, आणि वळणावळणाला खालच्या खोऱ्याचा एक-एक तुकडा दिसत जातो. उतारावर बूड जरा उचलून मागे न्यायचं, दोन्ही ब्रेकांवर एक-एक बोट, आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. खिंड ओलांडली की हवा बदलते. सकाळी सुर्लीच्या घाटात मागे टाकलेला तो ओलसर, गोडसर वास इथे पुन्हा भेटतो.

ताकारी हे पुणे-मिरज लोहमार्गावरचं स्टेशन. याच मार्गावर, पश्चिमेला शेणोलीजवळ, 7 जून 1943 ला, इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली होती. ही सगळी भूमी क्रांतिसिंह नाना पाटलांची, जी. डी. बापू लाडांची, नागनाथअण्णा नायकवडींची. या डोंगरांनी, उसाच्या फडांनी, ओढ्याच्या घळींनी भूमिगतांना आसरा दिला. आज त्याच आडवाटांनी आपण मजेसाठी फिरतो आहोत, हे लक्षात ठेवून फिरावं असं मला वाटतं.

ताकारीपासून पुढे तुपारी, घोगाव, दुधोंडी अशी कृष्णाकाठची गावं. इथे रस्त्याचा पोतच पालटतो. वर मुरूम होता, इथे काळी कसदार माती. वाळलेली असली तर तिच्यासारखी मऊ वाट नाही. पण ओली असली तर एक चाकही पुरतं फिरू देत नाही. टायर, फोर्क आणि साखळी सगळं लिंपून टाकते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उसाला पाणी सोडलेलं असलं की पाणंदीतून पाटाचं पाणी वाहतं. तिथे सरळ डांबरीवर यावं. जून ते सप्टेंबर तर नदीकाठच्या या आडवाटांचा विचारही करू नये. कृष्णा पात्राबाहेर येते तेव्हा काय होतं हे 2019 च्या महापुरात साऱ्या जिल्ह्यानं बघितलं आहे. त्या महिन्यांत डोंगराच्या उत्तरेच्या मुरमाड भागात चालवावं. तिथे पाणी ठरत नाही.

नदीच्या घाटावर थोडं थांबलो. नदी संथ होती. दोघी-तिघी धुणं धूत होत्या. एक पोरगा म्हशीच्या पाठीवर बसून पाण्यात होता आणि आमच्या सायकलीचे गिअर मोजत होता. “काकू, इक्कीस गिअर हायत!” असं त्यानं तिकडे ओरडून सांगितलं. “असू देत की. आधी म्हस बाहीर काढ,” धुणं आपटता आपटता उत्तर आलं. मावसभावानं त्याला सायकलवर एक चक्कर मारू दिली. सीट उंच होती म्हणून त्यानं नळीवर बसूनच चालवली.

कुंडलला दुपार झाली. कुंडलच्या डोंगरात झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ ही जैनांची स्थानं आहेत, गावात वीरभद्राचं देऊळ आहे, वनखात्याच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनीही इथेच. प्रतिसरकारचं तर कुंडल हे मोठं केंद्र. गाव औंध संस्थानात होतं. ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी मुलूख अशा सरमिसळ हद्दींचा भूमिगतांना उपयोग झाला. एका खानावळीत भाकरी, आमटी आणि ठेचा खाल्ला. सायकलवर असताना दुपारी पोटभर जेवू नये असं सगळे सांगतात. इथली भाकरी समोर आल्यावर ते पाळणं जमत नाही.

कुंडलपासून किर्लोस्करवाडी जवळ. सायकलवरून येणाऱ्यानं ही जागा चुकवू नये, कारण ही सगळी वाडी एका सायकल-दुकानातून उगवली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकली विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान काढलं. सायकल तेव्हा नवलाईची वस्तू. ती कशी चालवायची हेही ते लोकांना शिकवत. त्यातून यंत्रांचं वेड पुढे गेलं, कडबा कापायचं यंत्र निघालं, मग लोखंडी नांगर. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये त्यावर वाडी वसली. निवडुंग माजलेल्या माळावर कारखाना, घरं, झाडं, शाळा. ‘किर्लोस्कर’ मासिकही इथूनच निघालं आणि मराठी घराघरात गेलं. पुढे या कारखान्याचे पंप देशभर गेले. एका बाजूला माळावर वसवलेली वाडी, दुसऱ्या बाजूला माळावर वाढवलेलं जंगल, आणि दोन्हींत फार अंतर नाही. या पट्ट्यातल्या माणसांना उघडा माळ दिसला की गप्प बसवत नाही, असं मला त्या दुपारी सारखं वाटत राहिलं.

परतीची वाट डोंगराच्या पूर्वेच्या अंगानं वळसा घालून पुन्हा देवराष्ट्र्याच्या बाजूला आणि तिथून वर वांगीकडे. हा चढ अंगावर येणारा नाही, पण दिवसभराच्या पायांना तो जाणवतो. पुढचं छोटं चक्र, मागचं मोठं, आणि पाय न थांबवता हळूहळू. या बाजूला शेतांना कुंपणं दिसतात, बुजगावणी दिसतात, काही ठिकाणी राखणीसाठी माळे. जंगलातली सांबरं नि हरणं रात्री उसात, मक्यात उतरतात. जंगल वाढवण्याचा हा दुसरा अर्थ शेतकऱ्याच्या वाट्याला येतो. रात्रभर रान राखणाऱ्या माणसाला जंगलाचं कौतुक सांगताना आपण जपून बोललं पाहिजे. त्याच्या पिकाची भरपाई वेळेवर आणि पुरती मिळाली, कुंपण धड राहिलं, तरच मोहित्यांनी लावलेली झाडं पुढच्या पिढीपर्यंत उभी राहतील. अलीकडे उसाच्या पट्ट्यात बिबट्याही वावरतो. म्हणून या सगळ्या फेरीत पहाटेच्या अंधारात किंवा दिवस मावळल्यावर पाणंदींनी जाऊ नये. उजेड पडल्यावर निघावं आणि उजेड असताना डांबरीवर यावं.

मला मनापासून वाटतं की ही फेरी रीतसर आखली जावी. फार पैसा लागणार नाही. देवराष्ट्रे, ताकारी, दुधोंडी, कुंडल, वांगी अशा ठिकाणी दगडावर रंगानं बाण काढावेत. कालव्याच्या काठावर धोक्याच्या जागी पाटी लावावी. प्रत्येक गावात एक पंक्चरवाला आणि एक खानावळ ठरवून द्यावी. पाणंदी ज्यांच्या शेतांतून जातात त्या शेतकऱ्यांना आधी विचारावं, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत त्या मोकळ्या ठेवाव्यात. ग्रामपंचायती, पाटबंधारे खातं आणि वनखातं एकत्र बसले तर एका हंगामात होण्यासारखं काम आहे. म्हणजे आत जंगलात सायकल न्यायची कुणाला गरजच उरणार नाही, आणि बाहेरून येणारा माणूस नुसता हरणं बघून परत न जाता या मुलखाच्या चार गावांत दोन पैसे खर्चून जाईल.

वांगीहून पुढे आम्ही पुन्हा कालव्याची वाट धरली. सकाळचा म्हातारा तिथे नव्हता. शेरडं दुसऱ्याच कुणाची होती. मावसभाऊ पुढे होता. त्यानं मागे वळून विचारलं, “दादा, पुढच्या खेपेला येरळेच्या बाजूनं जायचं का? चौरंगीनाथाच्या डोंगराकडनं?” चौरंगीनाथाचा डोंगर सोनसळच्या अंगाला आहे, कडेगाव तालुक्यातच. तिकडचा मुरूम अजून कोरडा आणि वाटा अजून दगडाळ. जानेवारीत, ज्वारी हुरड्यात असताना जाऊ, असं ठरलं. टायर मात्र नवीन घ्यावे लागतील. मागच्याच्या खाचा या फेरीत पार घासून गेल्या आहेत.